वर्गात वाजवायचा इतिहास

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेचा आधुनिक राजकीय इतिहास शिकवताना पूर्वी मोठी अडचण अशी असे, की मूळ साधने सगळी तिकडे आणि आपल्या हाती मात्र एखादे पाठ्यपुस्तक. आज ती तक्रार फारशी टिकत नाही. उलट इंटरनेटवर इतके काही विनामूल्य उपलब्ध आहे, की सुरुवात कोठून करावी हेच कळेनासे होते. माझे मत विचाराल तर सुरुवात कानाने करावी. रेडिओवर बोलणाऱ्याला हे सुचणे साहजिकच म्हणा.

1940 ते 1973 या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासून रिचर्ड निक्सन यांच्यापर्यंत सहा राष्ट्राध्यक्षांनी आपली काही संभाषणे गुपचूप ध्वनिमुद्रित केली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरच्या संकेतस्थळावर त्यांतील पुष्कळ फिती ऐकता येतात. 27 मे 1964 रोजी लिंडन जॉन्सन यांनी सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी फोनवर केलेले संभाषण मी पहिल्या तासासाठी निवडेन. हे युद्ध लढण्याच्या लायकीचे वाटत नाही आणि त्यातून बाहेरही पडता येईलसे वाटत नाही, अशी व्हिएतनामविषयीची कोंडी जॉन्सन यांनी त्या काळात बोलून दाखवली होती. त्यानंतर सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’ या ऑनलाइन संग्रहातून त्यांचे त्याच वर्षीच्या 4 ऑगस्टचे, उत्तर व्हिएतनामविरुद्धच्या लष्करी कारवाईची घोषणा करणारे जाहीर भाषण काढावे आणि दोन्ही शेजारी ठेवावीत. खासगीतला धास्तावलेला माणूस आणि जनतेसमोरचा ठाम राष्ट्राध्यक्ष यांच्यात जेमतेम सव्वादोन महिन्यांचे अंतर आहे, हे विद्यार्थ्यांना आपण वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र आवाज ऐकला म्हणजे सत्य ऐकले, असे नव्हे. फीत कोणी सुरू केली, हा प्रश्न आधी विचारायला हवा. कोणते संभाषण टिपायचे हे जॉन्सन स्वतः ठरवू शकत होते, त्यामुळे आपण टिपले जात आहोत याचे भान ठेवून ते बोलत असण्याची शक्यता गृहीत धरावीच लागते. निक्सन यांच्या ओव्हल ऑफिसमधील यंत्रणा फेब्रुवारी 1971 पासून आवाज झाला की आपोआप चालू होई. तिचे ध्वनिग्राहक टेबलात आणि शेकोटीजवळच्या दिव्यांत दडवलेले होते. त्यामुळे त्या फितींत जे बिनधास्त बोलणे मिळते, ते जॉन्सन यांच्याकडे क्वचितच सापडेल.

आपल्याकडील वर्गाला सर्वांत जवळचे वाटेल ते 1971 चे बांगलादेश प्रकरण. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयाच्या दस्तऐवजमालेत, म्हणजे ‘फॉरेन रिलेशन्स’मध्ये, ढाक्यातील वाणिज्य दूतावासातून 6 एप्रिल 1971 रोजी गेलेली, पूर्व पाकिस्तानातील लष्करी अत्याचारांबाबत वॉशिंग्टनने धरलेल्या मौनाचा निषेध करणारी तार वाचता येते. दूतावासाचे प्रमुख आर्चर ब्लड यांच्या नावाने आज ओळखली जाणारी तार ती हीच. 4 नोव्हेंबरला इंदिरा गांधी आणि निक्सन यांची भेट झाली, तिचे अधिकृत टिपण सभ्य, मोजक्या भाषेत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी आपसांत त्याच भेटीविषयी जे उद्गार काढले, ते या मालेच्या फक्त ऑनलाइन निघालेल्या ई-7 या खंडात आहेत. ते इथे रेडिओवरून उच्चारण्याजोगे नाहीत, पण पदवीच्या वर्गाने ते जरूर वाचावेत, कारण टिपण आणि फीत यांच्यातला फरक याहून ठळकपणे दाखवणारे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

निक्सन यांच्या फितींचा आवाज बरेचदा खराब असतो. कपबशीचा आवाज बोलण्याच्या वर येतो. अशा ठिकाणी संपादक ‘अस्पष्ट’ अशी नोंद करून पुढे जातात. तेवढाच तुकडा वर्गात तीनदा वाजवावा, प्रत्येकाला जे ऐकू आले ते त्याने आपल्या वहीत लिहावे, आणि मगच छापील प्रत उघडावी.