झोपलेलं मूल इंग्रजीत ‘स्लेप्ट’ का नसतं

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांत शिकणारी मुलं आणि त्यांना इंग्रजी शिकवणारे गुरुजी-बाई, यांच्यासाठी आजचं हे बोलणं आहे. त्याचे भाग दोन: इंग्रजीत विशेषणाचं नाम कसं होतं, आणि क्रियापदाचं विशेषण कसं होतं. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा.

‘शहाण्याला शब्दाचा मार’ ही म्हण बघा. तिच्यात ‘माणूस’ हा शब्दच नाही. ‘शहाणा’ या विशेषणाला ‘ला’ लागला आणि ते नाम होऊन बसलं. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ यातही तसंच. आंधळा, आंधळी, आंधळ्याला, आंधळ्यांना: एक की अनेक, बाई की पुरुष, सगळं शब्दाच्या शेपटीवरून कळतं. इंग्रजी विशेषणाला अशी शेपटी नाही. ‘ब्लाइंड’ हा शब्द कुठंही नेला तरी ‘ब्लाइंड’च राहतो. म्हणून इंग्रजीत एक ठरलेली सोय आहे. विशेषणाआधी ‘द’ लावायचा, की अर्थ होतो त्या प्रकारची सगळी माणसं, आणि क्रियापद अनेकवचनी येतं. द पुअर आर, द रिच आर, दि अनएम्प्लॉइड आर.

चुका होतात त्या इथंच. मराठीत ‘गरिबांना’ म्हणताना अनेकवचन ऐकू येतं, म्हणून मुलं ‘पुअर्स’ लिहितात. तो एस नको. काही जण ‘द’ गाळतात, तोही चालत नाही. ‘गरिबांचे प्रश्न’ लिहिताना ‘पुअर’ला अॅपॉस्ट्रॉफी एस जोडू नका, ‘द प्रॉब्लेम्स ऑफ द पुअर’ लिहा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच माणसाला ‘द ब्लाइंड’ म्हणणं. एक आंधळा रस्ता ओलांडत होता, तर ‘अ ब्लाइंड मॅन’. तिथं ‘मॅन’ सोडता येत नाही. कोर्टकचेरीतले दोन शब्द मात्र एका माणसालाही चालतात: दि अक्यूज्ड म्हणजे आरोपी, आणि द डिसीस्ड म्हणजे मयत. ‘दि इम्पॉसिबल’, ‘दि अननोन’ ही कल्पनांची नावं. त्यांना क्रियापद एकवचनी. देशांच्या नावांत द इंग्लिश, द फ्रेंच, द डच, द जॅपनीज हे बिनएसचे. इंडियन आणि जर्मन ही नामंही असल्यानं त्यांना एस लागतो.

आता वस्तूंकडे या. बाजारात आपण म्हणतो, ‘हे नको, मोठं द्या.’ इंग्रजीत ‘गिव्ह मी द बिग’ म्हटलं की वाक्य अर्धंच राहतं. ‘द बिग वन’ म्हणावं लागतं. हा ‘वन’ कशाला, असं मुलं विचारतात. आपल्या भागातल्या मुलांना याचं उत्तर कन्नडमधून सहज देता येतं. ‘दोड्ड मने’, मोठं घर. इथं ‘दोड्ड’ तसाच राहतो. पण ‘मोठं दे’ म्हणायचं तर ‘दोड्डदु कोडु’. नुसतं ‘दोड्ड’ चालत नाही, मागं ‘दु’ लागतो. इंग्रजीतला ‘वन’ तेच काम करतो. अनेक वस्तू असतील तर ‘वन्स’. दोन भाषा कानावर घेऊन वाढणारं मूल हा मुद्दा चटकन पकडतं, तेव्हा शिक्षकांनी वर्गात कन्नडचा आधार घ्यायला अजिबात कचरू नये.

दुसरा भाग आहे क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांचा. उकळतं पाणी, बॉइलिंग वॉटर. उकळलेलं पाणी, बॉइल्ड वॉटर. मग ते गार झालेलं का असेना. पहिल्यात क्रिया चालू आहे, दुसऱ्यात ती होऊन गेली आहे. वाळवलेली मिरची म्हणजे ‘ड्राइड’, भरलेलं वांगं म्हणजे ‘स्टफ्ड’, तांदळाची कणी म्हणजे ‘ब्रोकन राइस’. इथवर मराठीचा ‘त’ आणि ‘लेला’ इंग्रजीच्या आयएनजी आणि तिसऱ्या रूपाशी नीट जुळतात, आणि म्हणूनच मुलांना वाटतं, ‘लेला’ दिसला की डोळे मिटून तिसरं रूप लिहावं.

तसं करू नका. ‘झोपलेलं मूल’ हे ‘स्लेप्ट चाइल्ड’ नाही, ‘स्लीपिंग चाइल्ड’ आहे. ‘खिडकीजवळ बसलेली मुलगी’ ही ‘द गर्ल सिटिंग निअर द विंडो’. कारण असं, की मराठीत ‘बसणं’ म्हणजे उभ्याचं खाली होणं. ती क्रिया पुरी झाली की माणूस ‘बसलेला’. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसून असणं, आणि ते अजून चालू आहे. झोपणं, उभं राहणं, भिंतीला टेकणं, लोंबकळणं, या सगळ्यांचं असंच: स्लीपिंग, स्टँडिंग, लीनिंग, हँगिंग. ‘वादळात पडलेलं झाड’ हे ‘फॉलन ट्री’, पण ‘टेबलावर पडलेलं पुस्तक’ हे ‘द बुक लायिंग ऑन द टेबल’. त्या पुस्तकाचं पडणं सांगायचंच नाही, नुसतं असणं सांगायचं आहे.

आणखी एक खड्डा. मराठीत ‘शिकलेला धडा’ही चालतो आणि ‘शिकलेला माणूस’ही. ‘जेवलेली मुलं’ म्हणजे ज्यांचं जेवण झालं ती. पण जे इंग्रजी क्रियापद कर्म घेतं, त्याचं तिसरं रूप नामाआधी आलं की जवळजवळ नेहमी ते नाम क्रिया सोसणारं होतं. ‘ईटन चिल्ड्रन’ म्हणजे कुणीतरी खाल्लेली मुलं! तिथं ‘चिल्ड्रन हू हॅव ईटन’ असं फोडून लिहावं. ‘आलेले पाहुणे’ हेही ‘गेस्ट्स हू हॅव कम’.

भावनांच्या शब्दांत तर हमखास घोटाळा होतो. ‘मला कंटाळा आला’ यात विशेषणच नाही. कंटाळा माझ्याकडे चालत आला. मूल ‘आय एम’पासून सुरुवात करतं आणि ‘बोअरिंग’ लावतं, म्हणजे ‘मी कंटाळवाणा आहे’. पुष्कळ ठिकाणी नियम सांगतात: माणसाला ईडी, वस्तूला आयएनजी. हा नियम सोडून द्यावा, कारण कंटाळवाणा वक्ता ‘बोअरिंग स्पीकर’च असतो. विचारायचं एवढंच: भावना देणारा कोण, घेणारा कोण? देणाऱ्याला आयएनजी, घेणाऱ्याला ईडी. धडा कन्फ्युजिंग, मुलगा कन्फ्युज्ड. आणि पुढचं अव्यय शब्दाबरोबरच पाठ करा: इंटरेस्टेड इन, टायर्ड ऑफ, वरीड अबाउट.

जागेचंही बघा. मराठीत ‘मैदानात खेळणारी मुलं’ असं सगळं नामाआधी येतं. इंग्रजीत एकटं विशेषण आधी, पण त्याच्यासोबत आणखी शब्द असतील तर सगळी वरात नामानंतर: द चिल्ड्रन प्लेइंग ऑन द ग्राउंड.

आता दोन्ही भाग एकत्र येतात ती जागा. अपघाताची बातमी घ्या. ‘जखमींना दवाखान्यात नेलं.’ ‘इंजर्ड’ हे क्रियापदाचं तिसरं रूप, त्याचं विशेषण झालं, ‘द’ लागून नाम झालं: दि इंजर्ड वर टेकन टू हॉस्पिटल. ‘वॉज’ नाही, ‘वर’. पुढची ओळ, ‘एका जखमीचा मृत्यू झाला.’ ‘अॅन इंजर्ड’ म्हणता येत नाही, म्हणून ‘वन ऑफ दि इंजर्ड डाइड’. आणि तिघांची प्रकृती गंभीर असेल, तर ‘थ्री ऑफ दि इंजर्ड आर इन अ सीरिअस कंडिशन’.