बाल्टिमोर: दारावर आलेलं पत्र

हे जे रस्ते दिसतायत ना, एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, दारात पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या, आणि मधेच एखाद्या घराच्या खिडक्यांवर ठोकलेलं प्लायवूड, हे आहे वेस्ट बाल्टिमोर. वॉशिंग्टनहून गाडीने तासभर. शहराची लोकसंख्या जेमतेम पावणेसहा लाख. पण 2015 ते 2022, सलग आठ वर्षं इथे दरवर्षी 300 च्या वर खून झाले. 2019 मध्ये 348. त्या वर्षी अख्ख्या न्यूयॉर्कमध्येसुद्धा एवढे झाले नव्हते, आणि न्यूयॉर्क याच्या चौदापट मोठं आहे.

मग महापौर काय करत होते? आता हा प्रश्न मुंबईत विचारला तर महापौर सरळ गृहखात्याकडे बोट दाखवतील, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेत मात्र मोठ्या शहरात पोलिस कमिशनर सहसा महापौरच नेमतो आणि खून वाढले की लोक महापौरालाच धरतात. बाल्टिमोरचं त्यातही वेगळं त्रांगडं. 1860 मध्ये, मतदानाच्या दिवशी टोळ्या मारामाऱ्या करतात म्हणून मेरीलँड राज्याने शहराचं पोलिस खातंच स्वतःकडे घेतलं. पुढे कमिशनर नेमायचा अधिकार महापौराला मिळाला पण खातं कागदोपत्री राज्याचंच राहिलं. म्हणजे शिव्या महापौराला, कायदा राज्याचा.

1999 च्या शेवटी मार्टिन ओमॅली महापौर झाले आणि त्यांनी न्यूयॉर्कचा फॉर्म्युला उचलून आणला. गुन्ह्यांचे नकाशे, आकडे, मीटिंग, आणि त्या मीटिंगमध्ये अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेणं. खून 300 च्या खाली आले, हे खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. पण आकड्यांचं कसं असतं, खून कमी करणं आपल्या हातात असेलच असं नाही, अटका मात्र हव्या तेवढ्या वाढवता येतात. 2005 मध्ये या शहरात एक लाखाहून जास्त अटका झाल्या. कोपऱ्यावर रेंगाळला, उचल. पायरीवर बिअर घेऊन बसला, उचल. बरेच जण तर खटला न भरताच सुटले. आता ज्याला काल उगाच कोठडीत बसवलं तो उद्या खुनाची साक्ष द्यायला पोलिसांकडे का येईल?

एप्रिल 2015. फ्रेडी ग्रे, वय 25. पोलिसांनी पकडून व्हॅनमध्ये घातलं, आत मानेला जबर इजा झाली, आठवड्याने गेला. अंत्यसंस्काराच्या दिवशी दंगल पेटली, पेन्सिल्व्हेनिया आणि नॉर्थ अव्हेन्यूच्या चौकातलं औषधाचं दुकान जळतानाचे फोटो जगभर गेले. सहा पोलिसांवर गुन्हे दाखल झाले, शिक्षा एकालाही झाली नाही. त्यानंतर पोलिसांनी जणू हात वर केले, अटका एकदम घटल्या, खून एकदम वाढले, आणि लोक म्हणाले हे मुद्दाम करतायत, पोलिस म्हणाले काम केलं तर तुम्ही आम्हालाच आत टाकता.

आणि त्यावर कळस म्हणजे 2017. बेकायदा बंदुका शोधायला नेमलेलं साध्या वेशातलं पथक, गन ट्रेस टास्क फोर्स, तेच लोकांना लुटत होतं. रोख पैसे खिशात, ड्रग्ज परत बाजारात, वर खोटा ओव्हरटाइम. पथकाचा सार्जंट वेन जेनकिन्सला 25 वर्षांची शिक्षा झाली. या लोकांच्या साक्षीवर उभे असलेले शेकडो खटले ढासळले.

खुर्च्यांचं तर विचारूच नका. 2015 ते 2019 मध्ये पाच कमिशनर, त्यातले डॅरिल डी सूझा चार महिन्यांत गेले, इन्कम टॅक्स रिटर्न भरले नव्हते म्हणून. महापौर कॅथरिन प्यू यांनी स्वतः लिहिलेली लहान मुलांची पुस्तकं शहराशी संबंध असलेल्या संस्थांच्या गळ्यात मारली होती, त्या 2019 मध्ये राजीनामा देऊन पुढे तुरुंगात गेल्या. (पुस्तकं निरोगी राहण्याबद्दल होती. असो.)

आता ते पत्र. 2020 मध्ये निवडून आलेले ब्रँडन स्कॉट, याच शहरात वाढलेले, त्यांनी 2022 पासून वेस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये एक योजना चालू केली. कल्पना साधी आहे: शहरातला बहुतेक गोळीबार फार थोड्या लोकांभोवती फिरतो, आणि आज गोळी घालणारा उद्या गोळी खाणारा असतो. ती माणसं शोधायची, घरी जायचं, पोलिस, समाजसेवक, वस्तीतलं कुणी जाणतं माणूस, आणि हातात पत्र द्यायचं. आम्हाला तू माहीत आहेस. यातून बाहेर यायचं असेल तर नोकरी, राहायची जागा, उपचार, सगळ्याला मदत करू. नाही ऐकलंस तर केस होणार. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पहिले दीड वर्ष तपासलं तेव्हा त्या भागातले खून आणि गोळीबार सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेले दिसले.

पण हे काही नवीन नव्हतं! बॉस्टनमध्ये हा प्रकार 1996 लाच झाला होता. खुद्द बाल्टिमोरमध्ये नव्वदीच्या शेवटी एकदा आणि 2014 मध्ये परत एकदा करून बघितला, दोन्ही वेळा गुंडाळला. माझ्या मते औषध तेच होतं, कोर्स कुणी पूर्ण केला नाही.

2024 मध्ये खून 201 वर आले. सरकारी वकील आयव्हन बेट्स म्हणतात बंदूकवाल्यांना आम्ही तुरुंगात पाठवायला लागलो म्हणून. महापौर पत्राकडे बोट दाखवतात. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत खून कमी होत होते, त्यामुळे सगळं श्रेय एकालाच देणं अवघड आहे.

त्याच वर्षी स्कॉट परत निवडून आले, वीस वर्षांत बाल्टिमोरच्या कुठल्याच महापौराला हे जमलं नव्हतं. पक्षांतर्गत निवडणुकीत समोर होत्या शीला डिक्सन, माजी महापौर, गरिबांसाठी आलेल्या गिफ्ट कार्डांच्या प्रकरणात 2010 मध्ये खुर्ची सोडलेल्या. आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांनी आणखी एका प्रस्तावावर शिक्का मारला: 1860 मध्ये गेलेलं पोलिस खातं पूर्णपणे शहराच्या ताब्यात.