कुलूप नंतर, आधी खांब बघा

नमस्कार मंडळी, मी आत्ता साताऱ्यात राजवाड्यापाशी उभा आहे, मागं गाड्यांचा आवाज येतोय तो जरा सांभाळून घ्या. आज सायकल चोरीवर बोलायचंय आणि सुरुवात माझ्याच येडेपणापासून करतो. कॉलेजला होतो, गणपतीचे दिवस, मी सायकल मांडवाच्या बांबूला साखळीनं बांधली, साखळी चांगली जाड, कुलूप पण भारी, आणि आरती करून आलो तर बांबू जागेवर आणि सायकल साखळीसकट गायब. कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता ओ त्यानं! सुतळी सोडली, बांबू जरासा उचलला, साखळी खालून ओढून घेतली.

तेव्हापासून मी आधी खांब हलवून बघतो. वरून मोकळा, बुटका पाइप असेल तर सायकल उचलून वरनं काढता येते, तिथं लावू नका.

आता कुलूप. ती नंबरवाली वायर मिळते ना, आत बारीक तारांचा पीळ असतो, केबल कटरनं काही सेकंदात तुटतो. दुधाची पिशवी घ्यायला उतरलात तर ठीक आहे, रात्रभर नाही. जुन्या सायकलींना मागच्या चाकात गोल कुलूप असतं, त्यानं फक्त चाक फिरत नाही, पण उचलून टेम्पोत टाकायला चाक कशाला फिरायला पाहिजे? यू लॉक घ्या, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला जाड लोखंडी गज आणि त्याला आडवं कुलूप. जड असतं, यवतेश्वरचा घाट चढताना मला शिव्या द्याल, तरी घ्या.

(सायकलजवळ खाली बसून) हे बघा, फ्रेम, मागचं चाक आणि खांब, तिन्ही एकाच यू लॉकमध्ये. मागचंच का, तर गिअरचा महागडा भाग तिकडं असतो. पुढचं चाक क्विक रिलीजचं असेल तर खटका उघडून दोन वेळा फिरवलं की हातात येतं, म्हणून ती वायर इथं वापरा. नुसतं पुढचं चाक बांधलंत तर परत येऊन चाकच घरी न्यायचं. आणि लॉक जमिनीला टेकू देऊ नका, हातोडा मारणाऱ्याला आयती ऐरण मिळते.

एअरटॅग, म्हणजे हरवलेली वस्तू शोधायची ॲपलची ती छोटी गोल चकती, लावू का असं लय जण विचारतात. लावा, पण त्यात जीपीएस नसतं, आजूबाजूच्या आयफोनच्या भरवशावर तो जागा सांगतो, त्यामुळं आडगावात सायकल गेली तर गप्प बसेल.

आता बिलाचं. हे लय महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, चोरीचं कलम 379 जाऊन 303 आलं, आणि 5,000 रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र गुन्ह्यात जाऊ शकते, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुमची सायकल बारा हजाराची आहे हे दाखवायला बिल पाहिजे ना? फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा.

आणि फ्रेम नंबर, म्हणजे सायकल तुमचीच आहे हे ओळखायचा तिचा स्वतःचा नंबर. सायकल उलटी करा, दोन्ही पायडलांच्या मधे खालच्या बाजूला ठोकलेला असतो बहुतेक वेळा, नाहीतर हँडलखालच्या नळीवर बघा. ग्रीस आणि चिखलानं भरलेला असणार, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, मग फोटो काढा.