भाजी वाढून घ्या, हात आखडू नका

नमस्कार मंडळी. आज जरा भाजीबद्दल बोलूया, रोजचीच भाजी, मंडईतली, दारावर येणारी.

मुळा घ्यायला गेलं की भाजीवाल्या मावशी विचारतात, पाला काढून देऊ का, आणि आपण पटकन हो म्हणतो कारण पिशवीत मावत नाही, मग तो कोवळा हिरवागार पाला तिथंच टोपलीमागं पडतो. बीटाचा पाला तसाच, नवलकोलाची पानं तशीच. हे बघून मला फार वाईट वाटतं, कारण मुळ्यात जास्त करून पाणीच असतं आणि लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व हे सगळं त्या पाल्यात कितीतरी जास्त असतं, म्हणजे पैसे मोजले दोन्हीचे आणि घरी आणलं ते कमी कसाचं.

आता भाजी खायची तरी किती? हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, त्यांनी 2024 मध्ये आपल्या लोकांसाठी आहाराच्या नवीन सूचना काढल्या, त्यात मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितलीयत, आणि हे वजन कच्च्या भाजीचं, शिजलेल्या नाही. बटाटा यात धरायचा नाही बरं का. म्हणजे चार माणसांच्या घरात दिवसाला दीड किलोच्या वर भाजी लागते आणि आपल्याकडं पाव किलो गवार चौघांत, डब्याला पण तीच, संध्याकाळी उरलीच तर परत तीच. पोळ्या मात्र चार-चार. मेथीची जुडी निवडून चिरली की कढई शिगोशीग भरते, आणि शिजली की वाटीभर उरते, ती वाटी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आली हे तुम्हीच बघा.

हे एवढं का बोलतेय, तर 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये सुमारे 54 टक्के जणींना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त! पायऱ्या चढताना धाप लागते, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, आणि आपण म्हणतो कामाचा थकवा आहे. रक्तक्षयाची कारणं बरीच असतात, हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात, नुसत्या भाजीवर भागत नाही, पण रोजच्या ताटात लोहच नसेल तर गोळ्या संपल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आणि पालेभाजी खाल्ली म्हणजे त्यातलं सगळं लोह अंगी लागतं असंही नाही. भाजीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, त्याला क जीवनसत्त्वाची सोबत लागते, म्हणून जेवताना भाजीवर लिंबू पिळायचं, नाहीतर सोबत पेरू घ्या, आवळा घ्या, कच्चा टोमॅटो घ्या. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको, चहा लोह अडवतो, तासभर तरी थांबा. लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा, भाजीत थोडं लोह त्या कढईतनंही उतरतं, आंबट भाजीत जास्तच, फक्त भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची नाहीतर काळी पडते.

बरं, तो मुळ्याचा पाला करायचा कसा? आधी धुवायचा, नीट दोन-तीन पाण्यातनं, माती फार असते, आणि मगच चिरायचा, चिरल्यावर धुतला तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, लाल मिरची, लसूण तांबूस झाला की पाला टाका आणि परता, स्वतःच्या पाण्यातच शिजतो, वरनं पाणी घालायची गरज नाही आणि उकडून पाणी फेकायची तर अजिबातच नाही. मीठ पाला खाली बसल्यावरच घाला, आधी घातलं की हमखास खारट. मग वरनं बेसन भुरभुरायचं, पीठ पेरायचं म्हणतात ते, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ. ज्वारीची गरम भाकरी घ्या, मुलंसुद्धा मागून खातात. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालायची सवय काही घरांत आहे, ती सोडा, त्यानं जीवनसत्त्वं नासतात.

आपल्या जुन्या जेवणात हे सगळं किती छान बसवलेलं होतं! संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि ती लेकुरवाळी भाजी, त्यात वांगी, गाजर, वालपापडी, हरभऱ्याचे सोलाणे, मटार, बोरं, तिळाचा नि शेंगदाण्याचा कूट, म्हणजे एका कढईत सात-आठ प्रकार. ती वर्षातनं एकदाच का करायची हे मला कधीच समजलं नाही. थंडीत दर आठवड्याला करा की. आणि ताटाची डावी बाजू, तिथं कोशिंबीर हवी ती चमचाभर नाही, चांगली वाटीभर, काकडी, गाजर, मुळा, मोड आलेले मूग, जे घरात असेल ते.

पिठाचंही तेच. गिरणीतनं गहू दळून आणतो आणि घरी बारीक चाळणीनं कोंडा काढून टाकतो, पोळी पांढरी मऊ व्हावी म्हणून. फायबर त्या कोंड्यातच असतं हो, पोट साफ राहायला आणि साखर हळूहळू चढायला तेच उपयोगी पडतं, मग मेडिकलमधनं पोट साफ व्हायची पावडर आणावी लागते. नाचणी तर आपल्या घरचीच, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळात याच्या जवळपाससुद्धा नाही. सकाळी गाळलेला ज्यूस पिणाऱ्यांनाही हेच सांगणं, फळ चावून खा, गाळलं की चोथा जातो आणि गोड पाणी तेवढं पोटात जातं.

आता एक महत्त्वाचं, हे ऐकून घाईघाईत काही बदलू नका अशी काही माणसं आहेत. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियम सांभाळावं लागतं, सगळ्या भाज्या चालत नाहीत. मुतखडा परत परत होत असेल तर पालक किती चालेल ते विचारून घ्या. रक्त पातळ करायला वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नाही, पण एकदम वाढवायचीही नाही, रोज साधारण सारखी खायची, कारण त्यातल्या के जीवनसत्त्वानं गोळीचा परिणाम कमी होतो, आणि काही बदल करायचाच असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. बाकीच्यांनी या आठवड्यात भाजी दुप्पट आणा, भात-पोळी थोडी कमी घ्या, ज्यांना सवय नाही त्यांना पहिले चार दिवस पोटात गुबारा धरेल, पाणी जास्त प्या, बसतं ते. नमस्कार.