भुताचा पंचनामा

मंडळी, शेरलॉक होम्सची नवी कथा लिहायची आणि त्याच्यासमोर सिनेमातला एखादा राक्षस, समजा ड्रॅक्युला, उभा करायचा म्हटला की पहिला मोह होतो तो शेवटच्या पानावर मुखवटा ओढून काढण्याचा. तो आवरा. तो डाव होम्सचे जनक कॉनन डॉयल स्वतःच खेळून गेले आहेत. बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या तोंडाला फॉस्फरस फासलेला निघतो. १९२४च्या ‘ससेक्स व्हँपायर’ कथेमध्ये बाळाच्या मानेला ओठ लावणारी आई रक्त पीत नसते, विष चोखून काढत असते. होम्सला त्याचा धागा मिळतो घरातल्या लंगड्या कुत्र्यावरून, कारण विष आधी त्याच्यावर अजमावलेले असते. याहून सरस उलगडा आपल्या हातून होणे कठीण. म्हणून आपला राक्षस खराच असू द्या.

पण तो खरा झाला की होम्सची पंचाईत होते. काहीही घडू शकत असेल, तर अनुमान काढायचे कशावरून? यावर माझा तोडगा एवढाच: निसर्गाचा एकच नियम मोडा, बाकीचे सगळे जागच्या जागी राहू द्या. आणि कुठला मोडला हे कथेच्या पहिल्या चौथाईत वाचकाला कळू द्या. उशिरा सांगाल, तर वाचकाला आपण फसवले गेलो असेच वाटेल.

१९३३च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये हे काम आयते झालेले आहे. तो अदृश्य माणूस आपल्या अडचणी स्वतःच मोजून दाखवतो. पोटातले अन्न पचेपर्यंत दिसते, म्हणून जेवल्यावर तासभर लपून बसावे लागते. पावसात डोक्या-खांद्यांवरचे पाणी दिसते, धुक्यात आकार उमटतो, नखांतली घाण दिसते. म्हणजे पंचनाम्याची यादी गुन्हेगारानेच लिहून दिली की! तरी शेवटी चित्रपट घसरतोच. हा गृहस्थ विवस्त्र पळतो आणि बर्फावर ठसे उमटतात बुटांचे. होम्सने तिथेच तपास थांबवून दिग्दर्शकाला बोलावून घेतले असते.

हीच कथा आषाढात गोव्यात आणून पाहा. जांभ्याच्या तांबड्या चिखलात अनवाणी पाऊल बोटांसकट उमटते. दोन ठशांमधल्या अंतरावरून होम्स उंची सांगतो, हे पहिल्याच कादंबरीत आहे. टाचेचा ठसा उथळ आणि चवड्याचा खोल असला, तर माणूस धावत होता. मात्र पाऊस कोसळत असेल, तर ठसे बघता बघता धुऊन जातात. तेव्हा होम्सला उशिरा पोचवू नका, किंवा ठसे पडवीत, पागोळ्यांच्या आत ठेवा. आपल्याकडे वेताळाला वहाणा वाहतात. गावची राखण करताना तो त्या झिजवतो, अशी श्रद्धा. होम्स हात जोडील की नाही ठाऊक नाही, पण वहाण उलटी करून झीज कुठल्या बाजूला आहे ते नक्की बघेल.

ड्रॅक्युलाच्या बाबतीत घोळ होतो तो काळाचा. नट बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ चित्रपट १९३१चा. डॉयल यांच्या ‘लास्ट बो’ कथेप्रमाणे १९१४ साली होम्स साठीचा, म्हणजे १९३१ साली सत्त्याहत्तरीचा. १८९७च्या मूळ कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला घेतलात तर काळ जुळतो, पण मे १८९१ ते एप्रिल १८९४ होम्स लंडनमध्ये नसतो, तेवढी वर्षे सोडा. शिवाय कादंबरीतला काउंट दिवसाही हिंडतो. उन्हाने मरणारा व्हँपायर १९२२च्या जर्मन मूकपटातून आला. दोन्ही एकत्र केलेत, तर उलटतपासणीत काउंट सुटेल.

त्याच्या नजरेच्या जादूचे काय? लुगोसीच्या डोळ्यांवर प्रकाशाचे बारीक झोत सोडले होते, कागदावर ती सोय नाही. इथे आपला गोव्यातल्या कांदोळीचा संमोहनतज्ज्ञ आबे फारिया कामी येतो, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्याचा पुतळा आहे तो. त्याचे म्हणणे होते, मोहनिद्रा निजवणाऱ्याच्या शक्तीतून येत नाही, निजणाऱ्याच्या मनातून येते. हा नियम काउंटला लावा. मग भोळा, विश्वासू वॉटसन पहिल्या झटक्यात झोपेल आणि होम्स जागा राहील, तेही कुठल्याही मंतरलेल्या क्रूसाशिवाय.

लांडगा-माणसाबद्दल थोडक्यात. १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’ चित्रपटात पौर्णिमेची अट नाही, ती १९४३च्या पुढच्या भागात आली. तेव्हा तिथीवरून गुन्हा सोडवणार असाल, तर कुठला चित्रपट धरला ते आधी ठरवा.

राहिला फ्रँकेनस्टाइनचा राक्षस. आठ फुटी माणूस शोधायला होम्स कशाला? पहाटे सायकलवरून पाव विकत फिरणारा पोदेरसुद्धा सांगेल तो कुठे गेला ते. इथे शोध घ्यायचा तो बनवणाऱ्याचा. होम्स माणसाचा धंदा हातावरून ओळखतो. या राक्षसाच्या उजव्या तळव्याला वल्ह्याचे घट्टे आहेत, डाव्या हाताच्या बोटांवर शिंप्याच्या सुईची टोचणी, आणि दोन्ही मनगटांचे टाके मात्र एकाच हाताने घातलेले, डावखुऱ्या. एक मेलेला खलाशी, एक मेलेला शिंपी आणि एक जिवंत शस्त्रवैद्य: तिघांचा माग एकाच देहावरून निघतो. मानेतले खिळे तेवढे वगळा. ते चित्रपटाचा रंगभूषाकार जॅक पिअर्स याच्या रंगभूषेतले आहेत, १८१८च्या कादंबरीत त्यांचा पत्ता नाही.