पाय उचलला तरी गाडी रेस घेते? आधी हवा शोधा

[बॉनेट उघडं, इंजिन चालू]

राम राम मंडळी! हा आवाज ऐका जरा. ॲक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नाही. गाडी न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलाय, इंजिन चांगलं तापलंय, आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा आहे 1600 वर. आमच्याकडे म्हणतात तसं, "गाडी आपेआप रेस ली राहिनी."

ही माझ्या मामांची गाडी. रावेरला केळीच्या बागेत रोज जाते-येते. पेट्रोल इंजेक्शनची, पण केबलवाल्या ॲक्सिलरेटरची जुनी गाडी. मामांची तक्रार पेट्रोल जास्त पितेय एवढीच होती, मला मात्र भीती वेगळीच वाटली. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना आपण पाय उचलतो तेव्हा इंजिनाने गाडी धरून ठेवायची असते. आयडलिंग, म्हणजे पाय न ठेवता इंजिन ज्या वेगाने फिरतं ते, असं चढलेलं असेल तर इंजिन धरत नाही, उलट ढकलतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

आधी एक सांगतो, प्रत्येक वेळी चढलेला काटा म्हणजे बिघाड नाही. सकाळी थंड इंजिन 1200-1500 वर चालतं आणि दोन-चार मिनिटांत खाली येतं, ते तसंच असायला हवं. एसी लावल्यावर थोडं वाढतं, तेही बरोबर. तापलेलं इंजिन, एसी बंद, आणि काटा 700 ते 900 च्या आसपास नाही, तर मग शोधायला लागा.

आणि शोधायचं काय? हवा. ॲक्सिलरेटर दाबला की आपण पेट्रोल सोडतो असं वाटतं, पण पाय उघडतो तो हवेचा दरवाजा, म्हणजे थ्रॉटल. पेट्रोल किती द्यायचं ते गाडीचा कॉम्प्युटर हवेचा अंदाज घेऊन ठरवतो. आयडलिंगला हा दरवाजा जवळजवळ बंद असतो आणि इंजिन आतून जोरात ओढत असतं. दरवाजाच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठेही फट पडली की तिथून हवा आत शिरते. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याला वाटतं मालकाने रेस दिली, आणि कॉम्प्युटर इमानदारीने पेट्रोल वाढवतो.

[गाडी बंद. कॅमेरा पायाजवळ]

गाडी बंद करून पहिल्यांदा इथे बघा. मॅट पॅडलखाली अडकलंय का? केबल थोडी सैल हवी, ताणलेली नको. मामांचं हे दोन्ही ठीक आहे.

[परत बॉनेटकडे. इंजिन चालू]

आता गळ्यातला रुमाल काढून ठेवा, बाह्या वर करा. पंखा कधीही सुरू होतो. कान लावा... बारीक फुस्स ऐकू येतंय? आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांचं ऊन, त्यात बॉनेटखालची धग. रबर कडक होतं आणि चिरतं, आणि चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते, वरून पाईप नव्यासारखा दिसतो.

बरेच जण फट शोधायला इथे कार्ब क्लीनर, म्हणजे मळ काढायचा स्प्रे मारतात. तापलेल्या इंजिनावर ते पेटू शकतं, मी मारत नाही. साध्या स्प्रेच्या बाटलीत पाणी घ्या. प्लग आणि कॉईल सोडून एकेका जोडावर थोडं मारा. फटीवर पाणी बसलं की ती क्षणभर बुजते आणि काटा हलतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट... नाही. ब्रेक बूस्टरचा पाईप... नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर मॅनिफोल्डला छिद्रं पाडून बसवलेले नोजलही तपासा. आता हा पीसीव्हीचा पाईप, इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा. मारतो...

पाहिलंत? 1600 वरून 1200! बघा, वाकवल्यावर खालची चीर कशी तोंड उघडते. क्लिपसकट बदलतोय.

तुमच्याकडे फट सापडली नाही तर थ्रॉटल उघडून बघा. आमच्या रस्त्यांची धूळ आणि तेलाची वाफ मिळून काळा थर बसतो, आतला पडदा, म्हणजे तोच हवेचा दरवाजा, पूर्ण मिटत नाही. केबलवाल्या गाडीत आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्हही त्यानेच अडकतो. केबल नसलेल्या नव्या गाडीत पडदा बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटू शकतात. आणि साफ केल्यावर आयडलिंग आणखी वाढलं तर घाबरू नका. कॉम्प्युटरला मळलेल्या पडद्याची सवय झालेली असते. काही गाड्या चालता चालता शिकतात, काहींना स्कॅनर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र लावावं लागतं.

कूलंट विसरू नका. ते कमी झालं की सेन्सरजवळ हवा अडकते, इंजिन थंडच आहे असं कॉम्प्युटरला वाटतं आणि तो रेस धरून ठेवतो. झाकण मात्र इंजिन गार झाल्यावरच उघडा. स्कॅनरवर तापलेलं इंजिन उणे 40 दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली.

[नवा पाईप बसलाय. इंजिन चालू]

नवा पाईप लावला, तरी काटा 1100! याचं कारण मला लगेच कळलं. आधी एका गॅरेजमध्ये ही गाडी दाखवली होती. तिथे हा थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून ठेवलाय. कंपनीने लावलेली रंगाची खूण बघा, तुटलीय. हा स्क्रू आयडलिंग सेट करायचा नाही हो! पडदा भिंतीत रुतू नये म्हणून दिलेला तो टेकू आहे. तो फिरला की पडदा किती उघडा आहे ते सांगणाऱ्या थ्रॉटल सेन्सरचं शून्यच हलतं. याचा मला खरंच राग येतो, कारण एका पाईपाचं काम होतं.

इंजिन बंद करून खूण जुळेपर्यंत हळूहळू मागे घेतोय. स्कॅनरवर थ्रॉटलचा आकडाही जागेवर आला. आता चालू करतो.

1000... 900... 800. थांबला.

मामा, बसा गाडीत. आता क्लच सोडून बघा.