फरकातला फरक

मंडळी, सुरुवात फळ्यावरच्या चार आकड्यांपासून करू. १९८८ साली ‘आयसिस-२’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण. कोणाला अ‍ॅस्पिरिन, कोणाला गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, कोणाला दोन्ही, कोणाला एकही नाही; आणि कोणाच्या वाट्याला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावलेले असे: एकही औषध नाही तिथे १३.२ टक्के, नुसतं स्ट्रेप्टोकायनेज १०.४, नुसतं अ‍ॅस्पिरिन १०.७, दोन्ही मिळून ८.०.

आता वजाबाकी करा. अ‍ॅस्पिरिन नसताना स्ट्रेप्टोकायनेजने २.८ची घट झाली, असताना २.७ची. या दोन फरकांतला फरक ०.१. इंटरॅक्शन म्हणजे हाच आकडा. इथे तो जवळजवळ शून्य निघाला, आणि ते शून्य फार मोलाचं होतं. एक औषध दुसऱ्याच्या आड येत नाही, तेव्हा दोन्ही द्यावीत, हे त्यातून कळलं.

याच चाचणीत संशोधकांनी रुग्ण मुद्दाम राशीवार विभागून दाखवले. (इंग्रजी जन्मतारखेवरून ठरते ती रास, आपली चंद्ररास नव्हे.) मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिनने मृत्यू किंचित वाढलेले दिसले, बाकीच्यांत ठळक फायदा. औषधाचा गुण राशीवर ठरतो असं कोणी मानत नाही; हा फरक निव्वळ योगायोगाचा. पण राशीच्या जागी ‘ग्रामीण’ आणि ‘शहरी’ लिहा, तोच तक्ता सगळ्यांना पटू लागतो. मला भीती याची वाटते.

प्रबंध वाचताना एक वाक्य सारखं भेटतं: ‘मुलींमध्ये परिणाम सार्थक, मुलांमध्ये नाही, म्हणून परिणाम लिंगानुसार बदलतो.’ (सार्थक म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा दिसणार नाही इतका मोठा.) या वाक्यातलं ‘म्हणून’ चूक आहे. समजा, नव्या शिकवणीने मुलींचे ५ गुण वाढले, मुलांचे ३. दोन्हीकडे स्टँडर्ड एरर, म्हणजे योगायोगाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप, २. परिणाम या एररच्या साधारण दुपटीहून मोठा असेल, तर तो सार्थक धरतात. पाचाला दोनाने भागलं की २.५, सार्थक. तिनाला भागलं की १.५, सार्थक नाही. पण मुलगे-मुलींतला फरक फक्त २ गुणांचा, आणि त्या फरकाचा स्टँडर्ड एरर २.८ (दोन्ही एररांच्या वर्गांची बेरीज ८, तिचं वर्गमूळ). भागाकार ०.७. म्हणजे परिणाम वेगळा असल्याचा पुरावा हातात नाहीच.

तो २.८ नीट पाहा. दोन्ही गट सारख्याच आकाराचे आहेत. मुलगे-मुली एकत्र धरून सरासरी परिणाम काढला असता, तर स्टँडर्ड एरर १.४च आला असता. फरकाच्या प्रश्नात तो दुप्पट होतो. दुप्पट एरर निम्म्यावर आणायचा तर नमुना चौपट लागतो. २०० विद्यार्थ्यांत मुख्य परिणाम जेमतेम दिसत असेल, तर तेवढ्याच आकाराची इंटरॅक्शन पकडायला ८०० लागतील. हा हिशेब प्रश्नावली छापायच्या आधी मांडा, आणि कोणती इंटरॅक्शन तपासणार तेही तेव्हाच लिहून ठेवा. ८०० विद्यार्थी मिळणार नसतील, तर फरक त्याच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो, तो पल्ला) छापा आणि खाली ‘एवढ्या नमुन्यावरून ठरवता येत नाही’ असं लिहा. असं लिहिलेला प्रबंध मी परत पाठवणार नाही.